वाचनालय आणि न वाचणारा

वाचनालय हें वाचणाऱ्यांसाठीं असतें, असें आपण गृहीत धरून चालतों. ज्यास अक्षरओळख नाहीं त्याचा ग्रंथालयाशीं संबंध काय, असें सुशिक्षित घरांतून सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु महाराष्ट्रांतील सार्वजनिक वाचनालयांचा जवळजवळ दोनशें वर्षांचा इतिहास जरा बारकाईनें पाहिला, तर असें दिसून येतें कीं, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढें उभा राहिला, कांहींनीं तो सोडविला, बहुतेकांनीं टाळला. हल्लीं 'डिजिटल साक्षरता' हा शब्द सरकारी पत्रकांपासून शाळेच्या सूचनाफलकापर्यंत सर्वत्र वाचावयास मिळतो. निरक्षरतेचा हा नवा प्रकार जन्मास आला, त्याबरोबर जुना प्रश्नही नव्या वेषांत परत आला आहे. तो नवीन पनवेलसारख्या, काल वसलेल्या आणि आज गर्दीनें भरलेल्या वस्तींत कसा दिसतो हें समजण्यासाठीं प्रथम थोडें मागें जाणें अवश्य आहे.

पनवेल हें जुनें बंदर. 1830 सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, तेव्हां मुंबईहून पुण्याकडे जाणारे कित्येक प्रवासी खाडीच्या मार्गानें पनवेलीस उतरत आणि तेथून घाटाची वाट धरीत. देशावरून माल घेऊन आलेला गाडीवान परत जातांना येथून चाकांची एक जोडी विकत घेई, असें इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरांत नमूद आहे. गाडीचीं चाकें तयार करणें हा गांवचा मुख्य धंदाच होता. नगरपालिकेच्या स्थापनेचें साल 1852 सांगितलें जातें. 1863 सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली. ती कल्याण-कर्जतवरून गेल्यामुळें रहदारीचा ओघ पनवेलीस टाळून वाहूं लागला. तरी गांव निपचित पडलें असें नव्हे. 1872 सालीं येथेंच श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला. मात्र ज्या मुलास पुढें शिकावयाचें असे त्यास गांव सोडणें भाग पडे. जवळच्या शिरढोणास 1845 सालीं जन्मलेले वासुदेव बळवंत फडके यांस शिक्षणासाठीं कल्याण, मुंबई, पुणें अशी वाट चालावी लागली. 1883 पर्यंत पनवेल तालुका ठाणें जिल्ह्यांत मोडत होता, नंतर तो कुलाब्यास जोडला गेला. म्हणून या भागाच्या वाचनाचा इतिहास पाहावयाचा तर दृष्टि प्रथम कल्याण-ठाण्याकडे वळते.

आपल्याकडील जुन्या वाचनालयांचीं स्थापनावर्षें क्रमानें मांडून पाहिलीं म्हणजे मौज वाटते. रत्नागिरी 1828, अहमदनगर 1838, नाशिक 1840, पुणें 1848, कोल्हापूर 1850, सोलापूर 1853, कल्याण 1864. ज्या मुलखांत शंभरांत चारपांच माणसांसही धड वाचतां येत नव्हतें, तेथें जिल्ह्याच्या गांवोगांव वाचनालयें निघालीं! यांतील कित्येकांचें मूळ नांव 'नेटिव जनरल लायब्ररी' असें होतें, आणि त्या नांवांतच त्यांचें चरित्र आलें. इंग्रज अंमलदाराची कृपादृष्टि, एखाद्या सरदाराची वा सावकाराची देणगी, आणि मामलेदार, मुनसफ, वकील, शाळामास्तर यांची वर्गणी, एवढ्या तीन पायांवर ही संस्था उभी असे. मुंबईचीं वर्तमानपत्रें तेथें येत. इंग्रजी पुस्तकें कपाटांत असत. संध्याकाळीं चार शहाणीं माणसें जमून राज्यकारभाराची चर्चा करीत. पुण्याच्या लायब्ररीच्या उभारणींत लोकहितवादींचा पुढाकार होता, आणि त्याच सुमारास 'प्रभाकर' पत्रांत ते आपल्या लोकांच्या अज्ञानावर आणि आळसावर कोरडे ओढीत होते. या मंडळींचें ऋण नाकबूल करण्याचें कारण नाहीं. आमच्या सार्वजनिक जीवनाची पहिली बैठक वाचनालयाच्या सतरंजीवर पडली, असें म्हटल्यास तें फारसें चुकीचें होणार नाहीं.

तथापि एक योगायोग विसरूं नये. पुण्याची ही लायब्ररी ज्या 1848 सालीं निघाली, त्याच सालीं त्याच शहरांत जोतीराव फुले यांनीं भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा उघडली. एक संस्था ज्यांस वाचतां येत होतें त्यांच्यासाठीं होती. दुसरी, ज्यांस वाचूं दिलें जात नव्हतें त्यांच्यासाठीं. दोहोंमधलें अंतर पायीं चालून जाण्याइतकें थोडें. परंतु या दाराशीं शिकलेली मुलगी त्या दारांतून आंत जाऊन पुस्तक मागूं शकेल, अशी वाट त्या काळीं कोणीच बांधिली नाहीं. पुढें 1927 सालीं सार्वजनिक तळ्याचें पाणी घेण्यासाठीं याच कुलाबा जिल्ह्यांत महाडास डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. तेव्हां वाचनालयाच्या पाटीवरील 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ व्यवहारांत काय होत असेल, हें निराळें सांगावयास नको.

दुसरा टप्पा ठाण्यास सुरू झाला. 1893 सालीं विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन यांनीं तेथें 'मराठी ग्रंथसंग्रहालय' स्थापन केलें. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे भावे ते हेच. मराठींत छापलेलें प्रत्येक पुस्तक जतन करावयाचें, ही कल्पना तेव्हां अगदीं नवी होती. इंग्रजी पुस्तकाचा मान मोठा आणि मराठी पुस्तक म्हणजे मुलांचें क्रमिक किंवा बायकांची पोथी, अशी समजूत असतांना या मंडळींनीं मराठीस स्वतःचें घर दिलें. पांच वर्षांनीं, 1898 सालीं, मुंबईस दुसरें मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. अशा संग्रहांच्या आधारावरच शंकर गणेश दाते यांस 1800 पासून 1937 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि रचतां आली. ती 1943 सालीं प्रसिद्ध झाली. एकट्या माणसानें केलेलें तें काम पाहिलें म्हणजे छाती दडपते. परंतु भाषा मराठी झाली तरी दाराचा उंबरा तेवढाच उंच राहिला. वाचतां न येणारा पूर्वी इंग्रजी वाचनालयाच्या बाहेर उभा होता, तो आतां मराठी वाचनालयाच्या बाहेर उभा राहिला, इतकाच फरक.

हा उंबरा ज्यानें जाणूनबुजून खालीं आणिला, तो महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राज्य करणारा एक मराठी राजा होता. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या गोपाळराव नांवाच्या मुलास 1875 सालीं महाराणी जमनाबाईंनीं दत्तक घेतलें आणि तो बडोद्याच्या गादीवर सयाजीराव या नांवानें बसला. त्या वेळीं त्याचें वय बारा वर्षांचें होतें आणि तोंवर त्यास शिक्षणाचा गंधही नव्हता. निरक्षर असणें म्हणजे काय, हें ज्या थोड्या संस्थानिकांस स्वानुभवानें ठाऊक होतें, त्यांत सयाजीरावांची गणना करावी लागेल. त्यांनीं 1893 सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 सालीं सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें.

सक्तीचा कायदा झाल्यावर एक अडचण लक्षांत आली, आणि तींतूनच बडोद्याचें ग्रंथालयखातें जन्मास आलें. मूल चार इयत्ता शिकतें, मग नांगराशीं किंवा चुलीशीं जातें, आणि चार वर्षांत शिकलेलें विसरून जातें. शाळेवर केलेला सारा खर्च पाण्यांत! वाचावयास कांहीं नसेल तर वाचतां येणें टिकत नाहीं, हें साधें सत्य. परंतु तें सरकारी हिशोबांत मांडण्याची बुद्धि त्या काळीं दुसऱ्या कोणास झाल्याचें आढळत नाहीं. 1910 सालीं महाराजांनीं अमेरिकेंतून विल्यम अॅलन्सन बॉर्डन नांवाच्या ग्रंथपालास बोलावून आणिलें. ते बडोद्यास तीन वर्षें होते. त्यांनीं स्वतंत्र खातें उभें केलें, ग्रंथपालांस शिकविण्याचा वर्ग काढिला आणि मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली. त्या ग्रंथालयास महाराजांनीं राजवाड्यांतील आपला खाजगी ग्रंथसंग्रह देऊन टाकिला. तेथें वर्गणी नव्हती. स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं निराळे विभाग होते. बॉर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्यासारख्या येथल्याच माणसांनीं तें काम पुढें नेलें. खात्याशीं निगडित असें एक नियतकालिक 1912 सालीं सुरू झालें. त्यांत इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांतून मजकूर येई.

खेड्यांतील वाचनालयांची तजवीज विशेष पाहण्यासारखी होती. गांवकऱ्यांनीं कांहीं रक्कम जमवावी. तितकीच स्थानिक पंचायतींनीं घालावी. आणि तितकीच सरकारनें. तिघांचे तीन वाटे. यांत दानाचा बडेजाव नव्हता आणि सरकारी मेहेरबानीही नव्हती. गांवानें हात पुढें केला तरच दुसरे दोन हात पुढें येत. जेथें वाचनालय निघण्यासारखें नव्हतें, तेथें 'फिरत्या वाचनालया'ची पेटी जाई. ही लांकडी, कुलुपाची पेटी असे. तींत निवडक पुस्तकें भरून ती आगगाडीनें वा बैलगाडीनें खेड्यांत रवाना होई. गांवच्या शाळामास्तरानें किंवा दुसऱ्या जबाबदार माणसानें ती उघडून पुस्तकें वांटावीं, मुदत संपली म्हणजे परत करावीं आणि दुसरी पेटी मागवावी. जाण्यायेण्याचा खर्च खातें सोशी. वाचक ग्रंथालयाकडे येऊं शकत नसेल तर ग्रंथालयानें उठून त्याच्याकडे जावें, हा विचार त्या पेटींत होता.

आणि ज्यास पेटींतलें पुस्तकही उपयोगी नाहीं, त्याचें काय? येथें बडोद्यानें जें केलें तें आमच्या मतें साऱ्या कथेंतील अत्यंत महत्त्वाचें आहे. ग्रंथालयखात्याची एक शाखा केवळ दृश्य शिक्षणासाठीं होती. जादूचा दिवा, कांचेवरचीं चित्रें, दुहेरी चित्रांतून खोली दाखविणारीं यंत्रें आणि चलच्चित्रपट घेऊन खात्याचीं माणसें गांवोगांव जात आणि लोकांस फुकट दाखवीत. ही शाखा शाळाखात्याकडे किंवा आरोग्यखात्याकडे नसून ग्रंथालयखात्याकडे होती, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ग्रंथालयाचा माल पुस्तक नव्हे, ज्ञान. पुस्तक हें तें पोंचविण्याचें एक साधन, आणि त्या दिवसांतील अगदीं नवें यंत्रही दुसरें साधन, असा याचा अर्थ होतो. 1912 च्या सुमारास ज्या शेतकऱ्यानें आगगाडी दुरूनच पाहिली होती, त्यास ग्रंथालयवाला चित्रपट दाखवीत होता! हें सर्व एका राजाच्या इच्छेवर चाललें होतें, आणि राजाची इच्छा हा कांहीं लोकांचा हक्क नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. 1939 सालीं सयाजीराव वारले आणि 1949 सालीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. तरीपण तीन वाट्यांच्या त्या पद्धतीनें लोकांस आपल्या वाचनालयाचे मालक केलें होतें, हेंही तितकेंच खरें.

मुंबई इलाख्याची हकीकत इतकी रंगतदार नाहीं. खेर मंत्रिमंडळाच्या अमदानींत 1939 सालीं आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. तिनें मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका, पेटा आणि खेडें इथपर्यंत पायऱ्यापायऱ्यांची योजना आंखून दिली. मग महायुद्ध आलें, मंत्रिमंडळ गेलें, योजना दप्तरांत पडली. 1947 नंतर तिचा कांहीं भाग अंमलांत आला. मध्यंतरीं कोल्हापूर संस्थानानें 1945 सालीं ग्रंथालयांचा कायदा करून सर्वांवर आघाडी मारली. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 सालचा. तो 1 मे 1968 पासून अंमलांत आला. मद्रासच्या 1948 सालच्या कायद्यानें ग्रंथालयासाठीं कर बसविला होता. आमच्या कायद्यानें तो बसविला नाहीं. सरकारनें ग्रंथालय निधींत दर वर्षीं निदान पंचवीस लाख रुपये घालावे, एवढें बंधन घातलें. 1967 सालीं ती रक्कम लहान नव्हती. वाचनालयें मात्र खाजगी संस्थांच्याच हातीं राहिलीं. सरकारनें त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान द्यावयाचें, आणि संस्थेनें सभासदांकडून वर्गणी घ्यावयाची. या पद्धतीमुळें महाराष्ट्रांत वाचनालयांची संख्या बारा हजारांच्या आसपास गेली, आणि ही थोडीथोडकी कमाई नव्हे. परंतु त्यांतलीं बहुतेक खालच्या वर्गांतलीं. त्यांच्या ग्रंथपालास मिळणारा मोबदला सांगण्यासही संकोच वाटावा. 2012 नंतर कित्येक वर्षें नव्या वाचनालयांस मान्यता देणेंही थांबलें होतें. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन् यांनीं 1931 सालीं जीं पांच सूत्रें सांगितलीं, त्यांतलें शेवटचें असें कीं ग्रंथालय ही वाढणारी, जिवंत वस्तु आहे. वाढ गोठवून ठेवलेल्या जिवंत वस्तूस काय म्हणावें, हें त्यांनीं सांगितलेलें नाहीं.

आतां नव्या निरक्षरतेकडे वळूं. 1951 सालच्या शिरगणतींत भारतांतील साक्षरांचें प्रमाण शेंकडा 18.33 भरलें होतें. 2017-18 सालीं सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणींत पांच वर्षांवरील लोकांपैकीं इंटरनेट वापरतां येणारे शेंकडा 20.1 आढळले; खेड्यांत तर 13. संगणक चालवूं शकणारे शेंकडा 16.5 होते. म्हणजे स्वातंत्र्याच्या आरंभीं देश अक्षराच्या बाबतींत जेथें उभा होता, जवळजवळ तेथेंच तो सत्तर वर्षांनीं यंत्राच्या बाबतींत उभा होता. त्यानंतर स्वस्त मोबाईल घरोघर पोंचले हें खरें, आणि आज ते आंकडे तसेच राहिले असतील असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु मोबाईल हातांत असणें आणि त्यावर अर्ज भरतां येणें यांत, पाटी हातांत असणें आणि लिहितां येणें यांच्याइतकेंच अंतर आहे. चित्रफिती पाहणारें बोट सरकारी अर्जाच्या रकान्यापाशीं येऊन थबकतें.

आणि अर्ज तर आतां पावलोपावलीं आहेत. सातबाराचा उतारा 1 मे 2018 पासून संगणकीय सहीनें मिळूं लागला. तलाठ्याच्या कचेरींतील खेपा वांचल्या ही सोय मोठीच. परंतु ज्यास संकेतस्थळ उघडतां येत नाहीं, त्याची खेप फक्त तलाठ्याकडून संगणकवाल्याच्या दुकानाकडे वळली. 2024 सालीं 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली, तेव्हां लाखों स्त्रियांस मोबाईलवरील अॅपमधून अर्ज भरावयाचा होता. पूर्वी टपाल कचेरीच्या ओट्यावर बसून पत्रें व मनीऑर्डरी लिहून देणारा एक इसम असे; चार पैसे घेई आणि घरांतील सर्व गुह्यें ऐकून घेई. त्याचीच गादी आज दुकानांतील संगणकवाला चालवीत आहे. फरक एवढाच कीं, त्या वेळीं त्याच्या हातीं पत्रांतला मजकूर जाई. आज आधारचा क्रमांक, बँकेचें खातें आणि मोबाईलवर आलेला ओटीपी जातो. योजनेच्या अर्जांस मदत करण्यासाठीं सरकारनें अंगणवाडी सेविका, आशा सेविका, ग्रामसेवक, सेतु केंद्र अशी यादी केली होती. तींत ग्रंथपालाचें नांव नव्हतें. आम्हांस याचें आश्चर्य वाटलें नाहीं, आणि वाटलें नाहीं याचेंच वाईट वाटलें. खेड्यापाड्यांत, कागदोपत्रीं कां होईना, बारा हजार ठिकाणीं सार्वजनिक म्हणून एक खोली आहे, तींत एक लिहिणारा-वाचणारा माणूस आहे, आणि ती सरकारी अनुदानावर चालते, ही गोष्ट यादी करणाऱ्यास आठवूं नये!

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. महाराष्ट्रांत 2001 सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघालें आणि त्याच्या 'एमएस-सीआयटी' या वर्गांतून लाखों तरुण संगणक शिकले. 2017 सालीं केंद्र सरकारनें 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' हातीं घेतलें. दर कुटुंबांतील एका माणसास वीस तासांचें शिक्षण द्यावयाचें, वय चौदा ते साठ, आणि सहा कोटी घरें गांठावयाचीं, असा बेत होता. मार्च 2024 मध्यें तें अभियान संपलें तेव्हां 6.39 कोटी लोक शिकून निघाले होते. हें काम मोठें आहे यांत शंका नाहीं. परंतु येथें बडोद्याची ती जुनी अडचण आठवल्याशिवाय राहत नाहीं. चार इयत्ता शिकलेलें मूल चार वर्षांत अक्षर विसरतें, हें सयाजीरावांच्या सरकारनें ओळखलें होतें; वीस तास शिकलेली गृहिणी किती दिवसांत विसरेल? शाळेमागें वाचनालय हवें, तसें या वर्गामागें नेहमीं उघडें असणारें, पुन्हां पुन्हां येऊन विचारतां येईल असें एखादें ठिकाण हवें होतें. तसेंच, साठीच्या वरच्या माणसास या अभियानांत जागाच नव्हती. आणि पेन्शनीसाठीं हयातीचा दाखला देणारा, बँकेच्या नांवानें आलेल्या खोट्या फोनास बळी पडणारा, तो बहुधा साठीच्या वरचाच असतो.

नवीन पनवेलचें उदाहरण या दृष्टीनें बोलकें आहे. 1970 सालीं सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई आंखली गेली. त्यासाठीं ठाणें, पनवेल व उरण या भागांतील 95 गांवांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जमिनींच्या मोबदल्यासाठीं जानेवारी 1984 मध्यें जासई-दास्तान येथें शेतकऱ्यांनीं आंदोलन केलें, गोळीबार झाला, पांच जणांचे प्राण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. लोहमार्गापलीकडे सेक्टर-सेक्टरांची आंखणी होऊन नवीन पनवेल उभें राहिलें. जुन्या पनवेलीस के. गो. लिमये यांच्या नांवाचें सार्वजनिक वाचनालय आहे. जुन्या गांवाची ती परंपरा. नव्या वस्तीस परंपरा नाहीं, ती करावी लागते. येथें घाटावरून, कोंकणांतून, मुंबईच्या चाळींतून आणि परप्रांतांतूनही आलेलीं कुटुंबें शेजारीशेजारी राहतात. अशा ठिकाणीं शाळा, महाविद्यालयें, दवाखाने, दुकानें चटकन् येतात, कारण त्यांस गिऱ्हाईक असतें. वाचनालयाचें गिऱ्हाईक असें हातांत पैसे घेऊन दाराशीं उभें राहत नाहीं.

अशा शहरी वस्त्यांतून वाचनालयाचें एक रूपांतर मात्र जोरांत झालेलें दिसतें, तें म्हणजे 'अभ्यासिका'. स्पर्धापरीक्षांस बसणारीं मुलें सकाळपासून रात्रीपर्यंत तेथें आपल्या पुस्तकांत डोकें घालून बसतात. कपाटांतील पुस्तकास ती शिवत नाहींत. त्यांस टेबल, दिवा, पंखा आणि शांतता हवी असते. जुने सभासद कुरकुर करितात कीं, वाचनालयाची धर्मशाळा झाली. आम्हांस ही कुरकुर पटत नाहीं. दोन खोल्यांच्या घरांत पांच माणसें राहत असतां अभ्यासास जागा देणें हें वाचनालयाचें काम नव्हे, असें म्हणणाऱ्यानें 1848 सालच्या सतरंजीवर खुशाल बसावें. उलट, याच मुलांच्या हातून बाहेरच्या लोकांचें काम होण्यासारखें आहे. आठवड्यांतून दोन घटका त्यांपैकीं एकानें समोरच्या ओट्यावर बसून आजोबांस मोबाईलवरचा दाखला आणि वडापाव विकणाऱ्या बाईस बँकेचा खरा संदेश व खोटा संदेश यांतला फरक समजावून दिला, तर अभ्यासिकेचें भाडें फिटून वर कांहीं उरेल. यास यंत्रें फारशीं लागत नाहींत. देणगींत आलेला संगणक कापडाखालीं झांकून ठेवण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं आहे. धूळ बसूं नये म्हणून! बडोद्याचा जादूचा दिवा खेडोपाडीं हिंडला, त्यास धूळ लागली नसेल काय?

ग्रंथालयाच्या दाराबाहेर उभा असणारा माणूस आणि ग्रंथालयांतला खजिना यांमधलें अंतर आज आणखी एका रीतीनें वाढलें आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयानें आपल्या दुर्मिळ पुस्तकांचें संगणकीकरण केलें. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हातून सुरू झालेला मराठी विश्वकोश घरबसल्या वाचावयास मिळतो. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आतां कोणासही फुकट पाहतां येतात. ज्या पुस्तकासाठीं दाते गांवोगांव हिंडले असते, तें पुस्तक खिशांतल्या यंत्रावर उघडतें. परंतु तें कोठें आहे, कोणत्या शब्दानें शोधावयाचें, मराठी अक्षरें यंत्रांत कशीं उमटवावयाचीं, हें ज्यास ठाऊक त्यासच. पदवीधर घरांतूनही हें ठाऊक नसणारीं माणसें सांपडतात. विश्वकोश कपाटांत नाहीं म्हणून हळहळणारे सभासद आहेत आणि तो हातांतच आहे असें त्यांस सांगणारा ग्रंथपाल नाहीं. मार्च 2020 मध्यें साथीमुळें सर्व वाचनालयें बंद झालीं आणि 15 ऑक्टोबर 2020 पासून पुन्हां उघडण्याची परवानगी मिळाली. त्या मधल्या महिन्यांत मुलांच्या शाळा मोबाईलवर भरत होत्या. ज्या घरांत एकच मोबाईल आणि तीन मुलें, तेथें कोणाची शाळा भरली आणि कोणाची बुडाली, हें त्या घरांसच माहीत. नेमक्या त्या वेळीं, ज्या एका जागीं अशा मुलास यंत्र, वीज आणि मदत मिळावयास हवी होती, त्या जागेस कुलूप होतें. साथींत तें लावणें भागच होतें. परंतु साथीपूर्वीं आणि साथीनंतरही किती ठिकाणीं त्या कुलुपाआड यंत्र, वीज आणि मदत होती, हा प्रश्न उरतोच.

पैशाचा प्रश्न शेवटीं येतोच, आणि येथें कायद्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. 1992 सालच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें पंचायतींकडे सोंपवावयाच्या कामांची जी अकरावी अनुसूचि जोडली, तींत एकोणिसावें काम प्रौढ शिक्षण आणि विसावें काम ग्रंथालयें असें आहे. हीं दोन एकाखालीं एक आलीं, हें बडोद्याच्या जुन्या मंडळींस फार आवडलें असतें. त्याच वेळीं चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनें शहरांसाठीं बारावी अनुसूचि केली. तींत ग्रंथालय हा शब्द नाहीं. शैक्षणिक व सांस्कृतिक गोष्टींस उत्तेजन द्यावें, इतकें मोघम वाक्य आहे. 1 ऑक्टोबर 2016 रोजीं पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि सिडकोच्या वसाहतींबरोबर आसपासचीं कित्येक गांवें तींत आलीं. तीं काल ग्रामपंचायतींत होतीं तेव्हां घटनेनें त्यांच्यासाठीं ग्रंथालयाचें नांव घेतलें होतें. शहर झाल्यावर तें नांव पुसलें गेलें. मात्र महानगरपालिकेस ग्रंथालय काढण्यास कोणी मनाई केलेली नाहीं, आणि 1967 च्या कायद्याखालचें अनुदानही शहरांतल्या संस्थांस मिळतेंच. महानगरपालिकेनें एक वाटा घालावा, राज्यानें एक, आणि सेक्टरांतील रहिवाशांनीं व गांवठाणांतील घरांनीं मिळून एक, असा हिशोब नवीन पनवेलीस मांडून पाहण्यास हरकत दिसत नाहीं. रहिवाशांचा वाटा प्रथम पुढें आला पाहिजे. बडोद्यासही क्रम तोच होता.